सगळे घरी पोचले, तरच किस्सा!

सेफ्टीच्या नोकरीत किस्से भराभर साठतात. पण अट एकच. संध्याकाळी सगळे धडधाकट घरी गेले, तरच तो किस्सा! नाहीतर त्याला वेगळं नाव असतं, आणि ते मी जेवणाच्या टेबलावर कधीच काढत नाही.

मी मूळची पुण्याची. नोएडाच्याही पुढे, जिथे परवापरवापर्यंत मोहरीची शेतं होती, तिथे आमची कंपनी उंच टॉवर बांधत होती आणि मी साइटची सेफ्टी ऑफिसर होते. मग कंपनीने एक अ‍ॅप आणलं. कुठे धोका दिसला की फोटो काढायचा, लाल बटण दाबायचं, अलार्म थेट माझ्या मोबाईलवर. कल्पना उत्तम! फक्त त्या दिवसापासून माझ्या छातीत जी धडधड सुरू झाली, ती काही थांबली नाही.

*

पहिल्याच दिवशी ट्रेनिंग आटोपून चहाचा कप उचलला, तोच अलार्म. अकरावा मजला! लिफ्ट बंद. मी जिना चढत, धापा टाकत वर पोचले. आमचा फोरमन रामपाल मोबाईल हातात घेऊन निवांत उभा.

"क्या हुआ? कौन गिरा?"

"कोई नहीं मॅडम. देख रहा था, चलता है क्या."

माझ्याकडे ओरडायलाही श्वास उरला नव्हता. त्याने मान डोलावली.

"बढ़िया है. ऐप भी चलता है, आप भी!"

*

प्रोजेक्ट मॅनेजर खुराना सरांना अ‍ॅपचं वेगळंच टेन्शन. प्रत्येक अलार्म त्यांच्यासोबत हेड ऑफिसलाही दिसायचा ना!

"यार मॅडम, ऐसे तो साइट बदनाम हो जाएगी. सबको बोलो, पहले मुझे बताएं, ऐप में बाद में डालें."

हे 'बाद में' कधी उगवलंच नाही. अलार्म बंद झाले. हेड ऑफिसने आमचं अभिनंदन केलं, सगळ्यात सुरक्षित साइट म्हणून! आणि माझी झोप उडाली. कारण गेटच्या बरोबर वरच्या मजल्यावर स्लॅबला आधार देणाऱ्या सेंट्रिंगच्या फळ्या सैल पडल्या होत्या, खाली जाळी नव्हती, आणि मी रोज सांगितलं की सर म्हणायचे, "अच्छा, देखते हैं."

एका दुपारी त्यातली एक फळी सुटली, ती थेट सरांच्या नव्या गाडीच्या बॉनेटवर. सर नुकतेच उतरून चार पावलं गेले होते. मी गेटकडे धावले.

तेवढ्यात माझा मोबाईल वाजायला लागला. गाडीचे फोटो. समोरून, बाजूने, जवळून, लांबून. खाली लिहिलेलं, 'बहुत बड़ा खतरा! तुरंत ध्यान दें!'

पाठवणारे, खुराना सर.

*

जूनमधली गोष्ट. ऊन म्हणजे नुसता जाळ. उष्णता फार वाढली तर अ‍ॅप काम थांबवायला सांगणार, असं ठरलं होतं. मी सकाळपासून विचारत होते, "रामपाल, अलर्ट आया क्या?"

"नहीं मॅडम."

ऐन दुपारी रामपालच आला. चेहरा लाल, ओठ सुकलेले. मोबाईल पुढे केला. स्क्रीन काळी. फोन तापून आपोआप बंद पडला होता!

"मॅडम, फोन तो बेहोश हो गया. हम अभी खड़े हैं."

मी कोणालाही न विचारता काम बंद केलं.

*

एकदा घरी मी अंघोळीला गेले असताना खुराना सरांचा फोन. नवऱ्याने आणून दिला.

"मॅडम, ये कौन सी साइट है? आदमी बिना हेल्मेट के चढ़ा हुआ है!"

मी घाबरून अ‍ॅप उघडलं. फोटोत आमचा हॉल. डुगडुगत्या स्टुलावर उभे राहून पंखा पुसणारे आमचे हे!

"आई, मी तुझ्या मोबाईलवरून रिपोर्ट करून दिली," माझी दिल्लीत वाढलेली लेक म्हणाली. "पप्पा ऐकतच नव्हते!"

*

थंडीत अ‍ॅपमध्ये एक हिरवं बटण आलं, 'मैं ठीक हूँ'. एकट्याने काम करणाऱ्याने ते अधूनमधून दाबायचं. दाबलं की माझ्या मोबाईलवर 'टिंग', नाही दाबलं, तर अलार्म.

दाट धुक्याची सकाळ. इक्बालच्या नावाने अलार्म वाजला. इक्बाल तळघरातल्या पंपाच्या खोलीत एकटाच असायचा.

"सो गया होगा," खुराना सर म्हणाले.

फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. मी आणि रामपाल धावलो. दार आतून बंद. रामपालने खांदा मारून कडी तोडली. आत कोळशाची शेगडी धुमसत होती आणि इक्बाल तिच्या शेजारी आडवा. हाक मारली, हलवलं, काही नाही. दोघांनी फरफटत त्याला मोकळ्या हवेत आणलं. धुक्यात अँब्युलन्सचा नुसता आवाज येत होता, गाडी दिसत नव्हती. रामपाल त्याचे तळवे चोळत राहिला. "उठ जा भाई, उठ जा."

हॉस्पिटलच्या बाकावर आम्ही दोघं बसून होतो. दुपारी नर्सने आत बोलावलं. इक्बालने डोळे उघडले होते. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. तो उशीजवळ हाताने काहीतरी चाचपत होता. रामपालला कळलं. त्याने खिशातून इक्बालचा मोबाईल काढून त्याच्या हातात दिला.

इक्बालने मास्क जरासा बाजूला सारला.

"माफ करना मॅडम, बटन रह गया."

त्याने अंगठा स्क्रीनवर टेकवला, आणि माझ्या पर्समध्ये मोबाईल वाजला, 'टिंग'.