मामांच्या खिशातली पुडी

"थुंक आधी. मग बोल."

समोरच्याचा गाल फुगलेला दिसला की मामा उजवा तळवा त्याच्या तोंडाखाली धरायचे आणि डाव्या हाताने गटार दाखवायचे. नाहूर स्टेशनपासून जवळच, आमच्या शाळेच्या फाटकाशी तुम्ही कधी तंबाखू चघळत उभे राहिला असाल, तर तुम्हीही हे ऐकलं असेल. तळव्यावर थुंकायची हिंमत कोणाची नव्हती. माणूस मुकाट्याने गटाराकडे वळायचा.

मामा म्हणजे शाळेचे शिपाई. आमचं आरोग्य केंद्र त्याच आवारात, आणि मी तिथली सिस्टर. एकदा बक्षीस समारंभाला एक पुढारी आले होते. माइक हातात, तोंडात तोबरा. मामा हार घेऊन स्टेजवर चढले आणि हार तसाच धरून म्हणाले, "साहेब, थुंका आधी." मुख्याध्यापिकाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. पण साहेब खरंच पडद्यामागे जाऊन आले! मी रुमालात तोंड खुपसून हसत होते.

माझ्या नवऱ्याची तंबाखू मामांनीच सोडवली. माझ्या भांडणाने झालं नाही, रडण्याने झालं नाही. मामांनी सहा महिने त्याला रोज फाटकाशी गाठलं.

रविवारी विहारात वंदनाही मामाच सांगायचे. वाशीमकडचा खणखणीत आवाज. पंचशीलातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं, पाचवं नशा न करण्याचं. पाचव्याला मामा हमखास मागे वळून बघायचे, आणि दोन-चार माना खाली जायच्या.

मग त्यांच्या मानेत गाठ आली. "मी खातच नाही, मला काय होतंय?" असं म्हणत त्यांनी दीड वर्ष काढलं. मी ओरडले, हाताला धरून मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. टॉन्सिलच्या मागे कॅन्सर निघाला.

"सिस्टर, डॉक्टरांनी तीनदा विचारलं. तंबाखू? गुटखा? खरं सांगा काका. मी म्हटलं, आयुष्यात शिवलो नाही. ते हसले हो!" कॅन्सरपेक्षा ते हसणं त्यांना लागलं होतं. मग डॉक्टरांनी गाठीची आणखी एक तपासणी केली. तो कागद घेऊन मामा माझ्याकडे आले. "यात काय लिहिलंय?"

मी दार लोटलं. "मामा, हा विषाणूमुळे झालाय. बायकांना गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होतो ना, त्याच जातीचा विषाणू. पुरुषांच्या घशातही बसतो. परदेशात तर असे घशाचे कॅन्सर खूप वाढलेत."

"येतो कुठून?"

"शरीरसंबंधातून. अगदी सर्रास असतो, बहुतेकांचा आपोआप जातो. एखाद्याच्या अंगात वीस-तीस वर्षं गप्प राहतो. कोणाकडून आला, कधी आला, कोणीच सांगू शकत नाही. यात कोणाचा दोष नाही, मामा."

"हे तुम्हाला कळतं. वस्तीला कळेल?" मामांनी कागदाची घडी केली. "मला कोणी काही म्हणणार नाही. तुमच्या मामीला म्हणतील. नवरा असा धुतल्या तांदळासारखा, मग बाईनेच आणला असणार. शाळेची खिचडी शिजवते ती. पोरं खातील तिच्या हातचं? सिस्टर, कोणाला बोलायचं नाही. तिलाही नाही. शब्द द्या."

मी दिला. कुठून बुद्धी झाली मला!

चार दिवसांनी मामांच्या शर्टाच्या खिशात तंबाखूची पुडी दिसली. मुद्दाम वर काढलेली. चहाच्या टपरीवर त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "गुपचूप खायचो रे मी. आता भोगतोय."

वस्तीत नुसता गहजब झाला. माझा नवरा तर पेटलाच. "ढोंगी साला! मला थुंकायला लावलं आणि स्वतः खात होता?" त्याच आठवड्यात त्याने पुन्हा सुरू केली. आणखीही काही जणांनी केली. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, आणि मी भांडी आपटत गप्प बसायचे. विहारात मामा मागच्या रांगेत बसू लागले. तिसऱ्या शीलापर्यंत ओठ हलायचे, पुढे नाही.

घशाला किरणांचा शेक घेऊन मामांचा आवाज पार बसला होता, तेव्हा आमच्याकडे मुलींची मोफत लस आली. याच विषाणूवरची. वर्गात आयांची सभा ठेवली. मामा दाराशी स्टुलावर बसले होते. मी जीव तोडून सांगत होते, गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर टळतो, हाच विषाणू घशातही जातो.

"घशाचा तर तंबाखूने होतो," एक आई म्हणाली. "मामांचंच बघा ना. माझी पोरगी सुपारीसुद्धा खात नाही. उगाच सुई कशाला?"

दुसरी म्हणाली, "विषाणूने घशाचा झालाय असा एक तरी माणूस दाखवा, सिस्टर. एक!"

मी मामांकडे पाहिलं. मामांनी मान वर केली, तोंड उघडलं. मग दाराबाहेर पाहिलं. तिकडे मामी खिचडीचं पातेलं घासत होती. त्यांनी तोंड मिटलं.

बायका उठून गेल्या. मी खोकी आवरत होते. मामा जवळ आले, घोगऱ्या आवाजात म्हणाले, "माफ करा." मग एक खोकं उचलून देत, "पोरांना का नाही ही लस? आजार तर माझ्या घशात आलाय."

"काही देशांत पोरांनाही देतात, मामा. आपल्या सरकारने आधी मुली घेतल्यात."

"मग पोरं कधी?"

मी खोक्याचं झाकण लावलं.

दिवाळीनंतर मामा गेले.

महिन्याभराने मामी केंद्रात आली. तिने टेबलावर ती पुडी ठेवली. "सिस्टर, ही त्यांच्या खिशात होती. फोडलेलीच नाही. पस्तीस वर्षं मी या माणसाशेजारी झोपले, मला कधी वास आला नाही. वस्ती म्हणते खायचे. ते स्वतः म्हणाले, खायचो. मग मलाच फसवलं का हो त्यांनी? माझ्याशी खोटं बोलले?"

हे मात्र मला सहन झालं नाही. ज्या बाईसाठी मामांनी स्वतःचं नाव मातीत घातलं, ती त्यांनाच खोटारडं समजत होती. मी शब्द मोडला. सगळं सांगितलं.

मामीने पुडी पुन्हा हातात घेतली. मग म्हणाली, "मला विचारायचं तरी!" आणि हमसून हमसून रडली.

पुढच्या सभेला ती नातीला घेऊन आली. मी काही बोलायच्या आत उभी राहिली. "मागे तुम्ही म्हणालात ना, एक तरी दाखवा? माझा नवरा. त्यांनी तंबाखूला हात लावला नाही. ही बघा पुडी, न फोडलेली. मला नावं ठेवायची तर ठेवा, पण पोरींना लस द्या." मग तिने नातीची बाही वर केली.

मग एक आई उठली, मुलीचं मनगट धरून निघून गेली. मागोमाग बाकीच्या. त्या दिवशी लस एकाच मुलीला दिली. दुसऱ्या दिवशी मामीच्या खिचडीची अर्धी ताटं परत आली. मामांनी सांगितलं होतं अगदी तस्सं.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो तोबरा धरून ऐकत होता. ऐकून उठला, मोरीशी गेला आणि तसाच उभा राहिला.

"थुंक ना," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. डोळे भरून आले होते, तोबऱ्यामुळे शब्द धड कळत नव्हते.

"हे म्हणायला मामा पाहिजे होते गं."