औषध लावलेला दोरा

कळमनुरीतल्या एका लहान खाजगी दवाखान्यात मी बरीच वर्षं ड्रेसिंगचं काम केलं. सिझेरियन झालेल्या बायांचे टाके पुसायचे, पट्टी बदलायची, पू दिसला तर डॉक्टरांना हाक मारायची. नव्वदच्या दशकात पू नसलेला दिवस क्वचितच जायचा. दुपारपर्यंत पाठ धरायची आणि हाताला लागलेला स्पिरिटचा वास जेवतानाही जायचा नाही.

तेव्हा पोटातले थर शिवायला मेंढीच्या आतड्यापासून केलेला दोरा असायचा. तो शरीरात आपोआप विरघळायचा. वरची कातडी मात्र काळ्या रेशमाने शिवायचे.

शिरड शहापूरकडची मेंढपाळाच्या घरातली एक बाई पहिल्या बाळंतपणाला आली. सहाव्या दिवशी तिचे टाके पिकले. पुढे दीड महिना ती एक दिवसाआड एसटीने यायची, लेकरू सासूच्या मांडीवर. जखम धुताना ती ओठ दाबून छताकडे बघायची. एक दिवस मी वैतागले होते.

"मेंढरात जाऊन राहिलीस ना? मग पिकणार न्हाई तर काय होईल?" मी म्हणाले.

"मी न्हाई गेले, बाई."

मी तिचं ऐकून घेतलं नाही. स्वच्छ राहा, एवढं सुनावून पुढची बाई आत घेतली.

पाच-सहा वर्षांनी ती दुसऱ्या बाळंतपणाला आली, तेव्हाही सिझेरियनच करावं लागणार होतं. टेबलावर नेण्याआधी तिने माझा हात धरला. "यंदा बी तसंच व्हईल का?"

त्याच सुमारास डॉक्टरांनी नांदेडहून नव्या दोऱ्याची काही पाकिटं आणली होती. हा दोरा कारखान्यात बनवलेला, तोही विरघळणारा, पण त्यावर जंतू मारणाऱ्या औषधाचा थर होता. त्यांनी तिच्या सासूला समजावलं, "मावशी, दोऱ्याच्या पिळात जंतू दडून बसतात. तिथं आपली औषधं नीट पोचत नाहीत. ह्या दोऱ्यावर त्यांना बसायलाच जागा मिळू नये, म्हणून हे औषध लावलंय."

सासूने विचारलं, "ते औषध दुधात उतरून लेकराला तकलीफ न्हाई ना व्हणार?"

"अगदी थोडं असतं. तरी लेकरावर लक्ष ठेवू आपण."

मी ट्रे हातात धरून तिथेच उभी होते. दोऱ्याच्या पिळात दडतात, एवढंच डोक्यात घोळत राहिलं.

तिला आतून-बाहेरून तोच दोरा घातला. सहाव्या दिवशी मी पट्टी सोडली. जखम कोरडी होती. आठव्या दिवशीही कोरडीच. लेकरूही नीट पीत होतं. हे दोऱ्यामुळेच झालं की नशिबाने, मला सांगता येणार नाही. काढायला वरती टाके नव्हतेच, तरी ती सवयीने ओठ दाबून पडून होती.

"झालं, ऊठ," मी म्हणाले. मग स्टूल ओढून बसले. "मागच्या वेळी मी तुला बोलले होते. तुझी चूक नसेल."

ती पदर सावरत उठली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मी सांगितलं व्हतं तुमाला. सव्वा महिना मला घरच्यांनी उंबऱ्याबाहेर जाऊ दिलं नव्हतं. दवाखान्यात येन्यापुरतीच बाहेर पडत व्हते."

"मग तेव्हा पुन्हा काहून बोलली नाहीस?"

"दुखत व्हतं, बाई. अन् पट्टी तुमच्याच हातात व्हती."

सासूने लेकरू उचललं आणि त्या दोघी एसटी गाठायला निघाल्या. मी स्टूल बाजूला सरकवलं. बाहेर बाकावर अजून तीन बाया थांबल्या होत्या.

ती पाकिटं दोन महिन्यांत संपली. पुढची खेप साध्या दोऱ्याची आली. महाग पडतो, डॉक्टर म्हणाले. जखमा पूर्वीसारख्याच पिकत राहिल्या, कधी कमी, कधी जास्त. फक्त घरी काय केलंस, कुठं गेली होतीस, हे विचारणं मी सोडून दिलं. गरम पाणी घ्यायचं, हात धुवायचे आणि दुखेल जरा, एवढं सांगून पट्टी सोडायची.