जमिनीवर न बसलेले दिवस

मुलांनो, गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तुम्ही मला उभ्याने पूजा करताना पाहिलंत आणि गुडघ्यांची चौकशी केलीत. गुडघे ठीक होते. कारण वेगळं होतं.

आपल्या बिबवेवाडीच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारी मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. म्हातारं माणूस पडलं की किंचाळणारा आणि फोनवर कळवणारा कमरेचा पट्टा तिने बनवला. तिच्या कॉलेजातले एक प्राध्यापक सुट्टीत एकाच विद्यार्थ्याला संशोधनासाठी घेतात. पट्टा खऱ्या घरात नीट चालला, तर ती जागा तिची. तिला म्हातारं माणूस हवं होतं. तिने आणलेला संमतीचा कागद दोनदा वाचून मी सही केली.

तुमचे आजोबा पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "पट्टा बांधलाच आहेस, तर महापालिकेचा कुत्र्यांचा परवानाही काढून टाक."

पहिल्याच सकाळी मेथी निवडायला खाली बसले आणि पट्टा किंचाळला. ती ओल्या केसांनी धावत आली. मी जुडी हातात घेऊन बसलेली. तिचा चेहरा उतरला. मग देवापुढे बसले, तर पुन्हा तेच.

माझ्यापायी पोरीची जागा जायला नको, म्हणून मी खाली बसणंच सोडलं. भाजी टेबलावर, पूजा उभ्याने. कपाटाच्या खालच्या कप्प्याकडे बघायचं नाही. काही सांडलं तर आजोबांना हाक. दुपारी आडवं व्हायचीही चोरी. स्वतःच्या घरात मी परक्यासारखी, भिंतीच्या कडेने वावरत होते. पट्टा मात्र गप्प, आणि मुलगी खूश.

प्राध्यापकांना आकडे दाखवायच्या आदल्या संध्याकाळी ती लॅपटॉप घेऊन आली. बराच वेळ आलेख बघत राहिली.

"आजी, तुम्ही खाली बसतच नाही का?"

"तुझ्यासाठी बसत नाही."

मग तिने सांगितलं, की पट्ट्याला शिकवलेली सगळी माहिती परदेशातल्या, खुर्चीवर जगणाऱ्या माणसांची होती. खाली बसणं म्हणजे पडणं, एवढंच त्याला कळतं. ती चूक मी इतके दिवस झाकली होती.

"हे असंच दाखवलं तर जागा मिळेल," ती म्हणाली. मी काही सुचवलं नाही. पेपराचं पान उलटल्याचा आवाज आला नाही, म्हणजे आजोबाही ऐकत होते.

शेवटी ती स्वतःच फरशीवर मांडी घालून बसली. "बसा, आजी."

टेबलाचा पाय धरून मी बसले. पट्टा किंचाळला. तिने तो किंचाळू दिला आणि नोंद केली. "परत," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने प्राध्यापकांना हे किंचाळण्याचेच आकडे दाखवले. त्यांनी अजून काही कळवलेलं नाही. पट्टा माझ्या कमरेलाच आहे. तो शिकेपर्यंत मी रोज मुद्दाम खाली बसायचं, उठायचं आणि त्याचं किंचाळणं ऐकायचं, असं ठरलंय.

आता मात्र गुडघे खरंच दुखतात.