मातेबियनवरचा दगड

केलिकाई गावात नवरा गेला की बाई वर्षभर काळं घालते. वर्ष भरलं की डुक्कर कापायचं, भावकीला जेवू घालायचं आणि काळं उतरवायचं. एर्मेलिंडाच्या अंगावर ते चोवीस वर्षं होतं. कारण उतरवायच्या आधी मयताचं काहीतरी मातीत घालावं लागतं. हाडं नसली तर माणूस पडला त्या जागेचा एक दगड तरी. आणि तिचा नवरा कायेतानु मातेबियन डोंगरावर नेमका कुठे पडला, हे कोणालाच ठाऊक नाही, असं गाव धरून चाललं होतं.

लहानपणी तिने पोर्तुगीजांच्या रस्त्यासाठी बापाच्या मागून दगड वाहिले होते. पोर्तुगीज गेले, आपला झेंडा लागला, तो जेमतेम नऊ दिवस. मग इंडोनेशियाची फौज उतरली. तीन वर्षं डोंगरात लपून, त्यानंतर त्यांच्या छावणीत. नव्याण्णवला स्वातंत्र्यासाठी मतदान झालं, आणि जाता जाता फौजेच्या माणसांनी तिचं घर जाळलं. आता येत्या वीस मेला देश खरोखर स्वतंत्र होणार होता. गावात कमानी उभ्या राहत होत्या. एर्मेलिंडा मात्र रोजच्यासारखी मका सोलत बसली होती.

"आई, देश मोकळा होतोय आणि तू अशी," मुलगी नातेर्सिया म्हणाली. "कावळेसुद्धा तुला नात्यातली समजत असतील."

"समजू देत. निदान ते जेवायला घाला म्हणत नाहीत."

दीर बेलार्मिनु ओट्यावर पान चघळत होता. घरातला वडीलधारा पुरुष आता तोच. "पोरगी खरं बोलते, वहिनी. जागा कळली असती तर उद्याच दगड आणला असता. पण कुठलाही धोंडा उचलून आणला, तर दादा घरी येईल का?"

एर्मेलिंडाच्या हातातलं कणीस थांबलं. बोलावं तर दिराच्या घराची पायरी चढायची सोय उरणार नव्हती. न बोलावं तर कायेतानु तिकडेच वाऱ्यावर. आणि तिला आता हे ओझं पेलवत नव्हतं.

"जागा मला ठाऊक आहे," ती म्हणाली.



"मांडीत बॉम्बचा तुकडा घुसला होता. चालता येत नव्हतं. मोठ्या कपारीखाली बसवलं मी त्यांना. ही दोन महिन्यांची, माझ्या पाठीला बांधलेली. म्हणाले, पाणी आण. मी झऱ्यावर गेले. तिथून लोक शरण जायला खाली उतरत होते. मीही त्यांच्यात उतरले. परत गेलेच नाही."

नातेर्सिया आईकडे बघतच राहिली. बेलार्मिनु पान थुंकून उठला आणि निघून गेला.

दोन दिवस तो फिरकला नाही. नातेर्सिया घरातली कामं करायची, पण नजरेला नजर देत नव्हती. तिसऱ्या सकाळी बेलार्मिनु दारात उभा. हातात दोरी, खांद्यावर घरी विणलेलं जाड कापड.

"चला. वाट तुम्हालाच दाखवावी लागणार."

चढ उभा होता. अर्ध्या वाटेवर ती म्हणाली, "भाऊजी, शिव्या द्यायच्या तर देऊन टाका."

"देईन. आधी धाप तर बसू दे."

पण कपार दिसल्यावर त्याने शिव्या दिल्या नाहीत. आत वाकून बघितलं. पालापाचोळा होता, गवत होतं, बाकी काही नाही. मग त्याने आतला एक भलामोठा दगड हलवायला घेतला.

"एवढा कोण वाहणार?"

"दादा काय लहान होता? गोटा नेला तर चिडेल तो."

एर्मेलिंडाला हसू आलं, आणि मग रडूही. बेलार्मिनुने तिला रडू दिलं. कापड पसरलं, दगड त्यात लोटला, दोरीने बांधला. एक टोक त्याने घेतलं, एक तिने. उतारावरही दर चार पावलांनी टेकवावा लागत होता.

"दमलात, वहिनी?"

एरवी ती नाही म्हणाली असती. मुलीला, छावणीतल्या शिपायांना, चर्चमधल्या पाद्रीबाबांना, सगळ्यांना ती नाहीच म्हणत आली होती.

"हो," ती म्हणाली. "फार दमले."

"मग बसा," बेलार्मिनु म्हणाला, आणि दगडाच्या पलीकडे स्वतःही बसला. "दादाला कुठे घाई आहे?"