अडीच सेंटिलिटर

रविवार कारंजाजवळ आमचा फोटो स्टुडिओ होता. पुढे दुकान, मागे बिऱ्हाड आणि मधल्या अडगळीच्या खोलीला काळे पडदे लावून केलेली डार्करूम. फोटो हे काढायचे. तेव्हा फोटो काचेवर निघायचा; त्या काचा धुवायचं औषध मात्र मी तयार करायची, कारण ह्यांना अपूर्णांक जमत नसत आणि मी मराठी सातवी पास होते.

तेहतीस-चौतीस सालचा उन्हाळा असावा. आमचं नेहमीचं विलायती औषध संपलं होतं आणि मुंबईहून जर्मन बाटली आली होती. जुन्याचं माप औंसात असे. ह्या बाटलीवर लिहिलं होतं, एक लिटर पाण्याला पाच सेंटिलिटर. नाशकात तेव्हा लिटर कोणी पाहिला होता? दूध शेराने, घासलेट बाटलीने. मी आपलं शाळेतलं कोष्टक आठवलं. लिटर, डेसिलिटर, सेंटिलिटर, मिलिलिटर, दर पायरीला दहाने भागायचं. आमच्या काचेच्या मापावर सी.सी.च्या रेघा होत्या, आणि सी.सी. म्हणजेच मिलिलिटर, हे मला ठाऊक होतं.

ती बाटली उघडली त्याच दिवशी सकाळी इगतपुरीचं एक जोडपं आलं. नवरा रेल्वेत रुळांचे सांधे बदलण्याच्या कामावर होता. अकरा महिन्यांचा मुलगा तापाने फणफणला म्हणून इथल्या इस्पितळात आणला होता, तो पहाटे गेला. पुरायच्या आधी त्याचा एक फोटो हवा होता. हे कॅमेरा घेऊन त्यांच्याबरोबर गेले. दोन काचा काढल्या आणि परत आले.

"लगेच धुऊन टाकू," हे म्हणाले. "परवा न्यायला येणार आहेत ते."

ताटाला अर्धा लिटर पाणी लागायचं. म्हणजे औषध अडीच सेंटिलिटर. अडीच सेंटिलिटरचे सी.सी. पंचवीस. मी एक पायरी जास्त उतरले आणि अडीचशे घेतले. अर्धी बाटली रिकामी झाली, तेव्हा तरी माझ्या ध्यानात यायला हवं होतं. मी एवढंच म्हटलं, "जर्मन औषध फार लागतं हो."

तांबड्या दिव्याखाली ह्यांनी दोन्ही काचा ताटात सोडल्या. एरवी चित्र यायला वेळ लागतो. त्या दिवशी चेहरा एकदम वर आला. उलट्या छापाचा, काळा. मिटलेल्या पापण्या, बारीक जिवणी, आणि डोक्यावरचं जावळ पांढरंशुभ्र. म्हाताऱ्यासारखं. मी ते मूल पाहिलं नव्हतं. हेच माझं त्याला पाहणं. दुसऱ्याच क्षणी काच काळी पडत गेली, कडेने थर सुटला आणि सायीसारखा गोळा होऊन ताटात तरंगायला लागला. दुसरीचंही तेच झालं.

"किती घातलंस?" ह्यांनी विचारलं.

मी सांगितलं. हे पडदा उघडून बाहेर गेले आणि ओसरीवर बसून राहिले.

पुढचे दोन दिवस मी त्या बाईंना काय सांगायचं ते मनात जुळवत होते. पोर मातीत गेलं होतं, पुन्हा फोटो काढणं नव्हतं. परवाचा दिवस उजाडला तेव्हा मी ट्रंकेतून आमच्या मुलाचा फोटो काढला. चौदा महिन्यांचा होता आमचा. नवं भिंग आलं तेव्हा ह्यांनी तो दुपारी झोपलेला असताना काढलेला.

"अगं, काय करतेस?"

"मला नाही सांगता येणार त्यांना. तुम्ही सांगाल?"

ह्यांनी खूप वेळ फोटोकडे पाहिलं. मग तो पुठ्ठ्यावर चिकटवून दिला.

बाईंनी फोटो दोन्ही हातांनी घेतला. डोळे सुजून बारीक झाले होते. "लय बरा दिसतोय," त्या म्हणाल्या. "आजारी वाटतच नाय." नवऱ्याने एकदा वाकून पाहिलं आणि फोटो फडक्यात गुंडाळला.

त्यानंतर मला आमच्या मुलाला झोपलेला बघवेना. इगतपुरीच्या एका भिंतीवर तो मेलेला होता, त्याला हार पडत होता. दुपारी त्याचा डोळा लागला की मी त्याला हलवून उठवायची. तो रडायचा. "झोपू दे गं त्याला," हे म्हणायचे, पण ओरडले कधी नाहीत. साधी सर्दी झाली तरी मी उशाशी बसून त्याचा श्वास ऐकायची. आणि डोळे मिटले की मला दिसायचं ते दुसरंच तोंड, काळं, पांढऱ्या केसांचं.

मुलगा शाळेत जायला लागला त्या वर्षी मी ठरवलं, जाऊन सांगून टाकायचं. एकटीच सकाळच्या पॅसेंजरने इगतपुरीला गेले. रेल्वेच्या चाळीत विचारत विचारत त्यांची खोली सापडली.

फोटो दारासमोरच होता. काचेवर कुंकू, ताजी झेंडूची माळ. बाईंनी मला ओळखलं आणि आनंदाने चहा टाकला. दोन वर्षांची एक मुलगी त्यांच्या लुगड्याला धरून उभी होती.

"बघा ना ताई," तिला फोटोखाली उभी करून त्या म्हणाल्या, "आक्षी भावावर गेलीय का नाय? हा फोटो नसता तर मला त्याचं तोंडसुद्धा ध्यानात राहिलं नसतं."

मी चहा प्यायले. हो म्हटलं, नाक तसंच आहे.

नवरा ड्यूटीवर निघाला होता, तो मला स्टेशनपर्यंत सोडायला आला. धुकं इतकं होतं की सिग्नल दिसत नव्हता. फलाटावर आल्यावर त्याने आजूबाजूला पाहिलं.

"बाई, त्याला माझ्या हातानं मातीत ठेवला मी. फोटोतला आमचा नाय, ते मला त्याच दिशी कळलं होतं. तिला सांगू नका."

मी मान हलवली.

"कोणाचा हाय तो?"

"माझा."

"हाय ना?"

"आहे. शाळेत जातो."

त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि बाकावर बसला. म्हणाला, "बरं झालं बाई, आलात ते. ती रोज हार घालते, आन् मला रोज भ्या वाटायचं, जितं लेकरू असंल तर मेल्याचा हार त्याला बाधंल."