नमुन्याचं रक्त

"घाबरू नका, जोरात टोचा. या लोकांची कातडी जाड असते."

मॅडम भर वर्गात बोलल्या. मी शेजारीच उभी होते. डावा हात टेबलावर, मधलं बोट पुढे. कोणते लोक, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, वर्ग हसला. टोचणारा मुलगाही हसला आणि सुई तिरकी गेली. त्याने पुन्हा टोचलं. मी हात मागे घेतला नाही.

दुर्गच्या रस्त्यावर रक्त-लघवी तपासायचा कोर्स शिकवणारी एक खाजगी संस्था होती. तिथे मी आया होते. झाडू, पोछा, काचेच्या पट्ट्या धुणं. नवरा भंडाऱ्याकडून इथे आला, पोलादाच्या प्लांटमध्ये ठेकेदाराकडे राबला आणि वारला. मग मी हे काम धरलं. कामाच्या कागदावर बोट देणं लिहिलेलं नव्हतं. पहिल्या वर्षी मॅडम म्हणाल्या, "मावशी, जरा इकडे येता का?" दुसऱ्या वर्षापासून नुसतं, "मावशी, बोट."

मुलं एकमेकांना टोचून शिकू शकली असती. पण त्यांना दुखायचं.

टोचून झालं की मला एक समोसा मिळायचा. "मौसी तो अपनी चलती-फिरती ब्लड बँक है," पोरं म्हणायची. मीही हसायचे. आज सांगताना राग येतो, पण हसायचे.

माझी शाळा चौथीपर्यंत. पण तेच धडे सहा वर्षं भिंतीला टेकून ऐकले की डोक्यात बसतातच. एकदा मॅडमनी माझ्या कोपरातून नळीभर रक्त काढलं आणि यंत्रात गरगर फिरवलं. बाहेर आलं तेव्हा त्याचे थर झाले होते. वर पिवळं पाणी, डाळीच्या निवळीसारखं. त्यातून खाल्लेलं अन्न अंगभर जातं. मधे सायीएवढा पातळ पांढरा थर. त्यातल्या पांढऱ्या पेशी रोगाशी लढतात आणि त्यांच्याबरोबरचे बारीक कण जखम झाली की रक्त थांबवतात. तळाला लाल. लाल पेशी छातीतली हवा उचलून डोक्यापासून पायापर्यंत पोचवतात. मॅडमनी नळीला पट्टी लावून दाखवलं. लाल भाग पाव नळीही नव्हता. मुलांनी वहीत लिहून घेतलं. मला वाटलं, सगळ्यांचं एवढंच असतं.

त्याच दिवसांत मला जिना चढवत नव्हता. बादली घेऊन निघाले की अर्ध्यावर बसायचे. छाती धडधडायची, डोळ्यांपुढे अंधारी. मॅडम वरून बघायच्या. "मावशी, नाटकं पुरे. काम चुकवायचं असेल तर स्पष्ट सांगा." मी उठायचे. मलाही वाटू लागलं होतं की मी आळशी झाले.

कोर्सला पूर्णिमा नावाची पोरगी होती, बालोदकडच्या खेड्यातली. एक दिवस मी टेबल पुसत होते. तिची वही उघडी होती आणि तिच्यात त्याच नळीचं चित्र होतं. खाली आकडा, सात. आकडे मला वाचता येतात.

"हे कोणाचं वं, बाई?" मी विचारलं.

"आप ही का है, मौसी. बारह होना चाहिए."

"मग सात कावून?"

तिने दाराकडे बघितलं आणि ती हळूच म्हणाली, "आपमें खून बहुत कम है. हर साल कम ही निकलता है. मॅडम बोलती हैं, ऐसी फीकी स्लाइड और कहीं नहीं मिलती."

म्हणजे सहा वर्षं. दर वर्षीच्या वर्गाने माझा आकडा लिहिला, त्यावर मार्क मिळवले, नोकऱ्यांना लागले. सगळ्यांना माहीत होतं, मला सोडून. मी बरी झाले असते तर त्यांचा नमुना गेला असता.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरला. "मावशी, बोट."

मी हात पदराखाली ठेवला. "माह्यं रक्त सात आहे. तुमाले कधीपासून मालूम आहे?"

"हे आत्ता कशाला?"

"आत्ताच. मले सांगितलं कावून नाही?"

"सांगून तुला काय कळणार होतं?" अहोजाहो संपलं होतं.

"लाल पेशी हवा पोचवते. माह्या अंगात त्याच कमी आहे, म्हणून जिन्यावर मले दम लागते. एवढं समजते मले. तुमीच तर शिकवून राहिल्या, सहा वर्षं झाले."

या वेळी कोणी हसलं नाही.

"आज तुमी बोट द्या, मॅडम. तुमचं रक्त तं चांगलं असन."

मॅडमचा चेहरा लाल झाला. "राहायचं नसेल तर गेट उघडं आहे."

"मालूम आहे. रोज सकाळी मीच उघडते."

मॅडमनी बोट दिलं नाही. आठवड्याभरात मला कामावरून काढलं. मी दुर्गच्या सरकारी दवाखान्यात गेले. लोहाच्या गोळ्या मिळाल्या, फुकट. सहा महिन्यांत आकडा अकरावर गेला. ज्याला त्या आळस म्हणत होत्या, तो गोळ्यांनी गेला. सहा वर्षं आधीही गेला असता. ती वर्षं मला कोणी परत देणार नाही आणि मी कोणाला माफ केलेलं नाही.

आता रिसालीत आमच्या वस्तीत रक्त तपासणीची गाडी येते. कोवळी पोरं, हातात सुया, कागद भरायची घाई. बाया मुकाट्याने रांग लावतात. रांगेत पहिली मी उभी राहते आणि टेबल अडवते. मागच्या खेपेला एक जण वैतागून म्हणाला, "अम्मा, रिपोर्ट बाद में आएगा, हटो." मी हटले नाही. कोणाचाच हात पुढे जाऊ दिला नाही.

जिचं रक्त घ्याल तिला विचारून घ्यायचं. आकडा आधी तिला सांगायचा, तिला कळेल अशा बोलीत. कमी असेल तर गोळी कुठे मिळते तेही सांगायचं. हे जमणार नसेल तर सुया पेटीत घाला आणि गाडी वळवा. आमच्या वस्तीतून एक थेंबही मिळणार नाही.