रुईच्या खोलीतलं 'काहीतरी'

मंडळी, आज दुपारी खामगावच्या माझ्या कापसाच्या जिनिंगमध्ये एका जुन्या, गाजलेल्या लेखकाची भयकथा वाचत बसलो होतो. गोष्ट भुताजवळ आली की लेखक म्हणतो, 'ते वर्णनापलीकडचं होतं.' मी मिस्त्री युसूफभाईंना म्हटलं, "सांगताच येत नसन, तं लिहितो काऊन?"

"असा 'वर्णनापलीकडचा' कापूस विकून पाहा बरं, भाऊ!" ते म्हणाले. दोघंही हसलो.

तेवढ्यात सरकी काढणाऱ्या चालू जिन-यंत्रांच्या खडखडाटात एक बारीकसा वेगळा आवाज आला. एकदाच. युसूफभाईंना तो ऐकूच गेला नाही, माझ्या मात्र अंगावर काटा आला. पलीकडच्या खोलीत आमच्या कामगार सुमनबाई ढिगावर चढून रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, तुडवत होत्या.

मी दाराकडे धावलो. "बाई, बाहेर निंघा!"

"काऊन? काय झालं?"

तोंड उघडलं, पण शब्दच सापडेना. "काहीतरी हाये!"

माझा चेहरा पाहून त्यांनी उडीच मारली.

जिन बंद करून आम्ही दारातूनच बांबूनं ढीग उकरला. आत रुई काळी पडली होती. तो आवाज कापसातला खडा जिनात घासल्याचा असावा आणि त्याचीच ठिणगी रुईत गेली असावी. वारा लागला आणि बाई उभ्या होत्या तिथंच भडका उडाला. पाण्याच्या टाक्या भरलेल्या होत्या म्हणून विझला.

"बाई, मले धड सांगताही आलं नाही," मी म्हटलं.

"बरंच झालं, भाऊ. तुमी आग म्हणले असते, तं मी कुठी हाये म्हणून पाह्यत बसली असती."

पुस्तक तसंच उघडं पडलंय, पान उलटायची हिंमत होत नाही. तुम्हाला कधी अशी बिननावाची भीती वाटलीय का? तेव्हा पळालात, की आधी नाव विचारत बसलात?